एकोणीस जबान्या

पांढरकवड्याला तहसील कचेरीसमोर चहाच्या दोन टपऱ्या, एक झेरॉक्सचं दुकान आणि त्याला लागून सत्यशीला नगराळेची खोली होती. खोली एवढीशी, की टेबल, कॉम्प्युटर, प्रिंटर आणि दोन खुर्च्या ठेवल्यावर तिसऱ्या माणसानं दारातच उभं राहायचं. पाटीवर लिहिलं होतं : मराठी-इंग्रजी टायपिंग, अर्ज, प्रतिज्ञापत्रे. मी तेव्हा तिथल्या एका शाळेत मास्तर होतो. माझ्या बदलीचे चारही अर्ज तिनंच टाईप केले. एकही मंजूर झाला नाही, पण त्यात तिचा दोष नव्हता. तिच्या कागदावर खाडाखोड मी कधी पाहिली नाही.

तिचे वडील डोमाजी त्याच कचेरीत शिपाई होते. छप्पन साली आई-बापाबरोबर नागपूरला दीक्षेला गेले तेव्हा ते बारा वर्षांचे होते. चौथीपर्यंत शिकले आणि पुढं जन्मभर लोकांचे अंगठे कागदावर उमटवून घेण्याचं काम त्यांच्याकडे आलं. शाईची पेटी त्यांच्या हातात असायची. निवृत्त झाल्यावर ते लेकीच्या खोलीबाहेर बाकावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "तीस वर्षं मी लोकायचे अंगठे धरले. कायच्या कागदावर लावून राह्यले, हे निम्म्याले माहीत नसे."

सत्यशीलानं हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून तिच्याकडे एक शिस्त होती. अर्ज दोन ओळींचा असो की दोन पानांचा, कागद हातात देण्याआधी ती तो मोठ्यानं वाचून दाखवायची. ऐकणारा "बरोबर हाय" म्हणाला, की मगच सही. लोकांना त्याचा कंटाळा यायचा. एस.टी. चुकेल म्हणून कुणी कुरकुरायचं. ती वाचायचं थांबवत नसे.

गोष्ट दोन हजार पाच सालची आहे. त्या काही वर्षांत आमच्याकडे कापसाबद्दल चांगली बातमी क्वचितच आली. कधी भाव, कधी पाऊस, कधी अळी. पण सावरधऱ्याच्या लोकांचं दुखणं वेगळं होतं. सावरधरा म्हणजे घाटंजीच्या रस्त्यावरून आत गेलेलं गाव, अर्धा बंजाऱ्यांचा तांडा आणि अर्धा पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. तिथल्या एकोणीस जणांनी त्या हंगामात एकाच दुकानातून एकाच नव्या वाणाचं बियाणं आणलं होतं. उगवण झकास झाली. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, छातीएवढी वाढली, हिरवीगार, पाहणारा थांबून पाहील अशी. पण बोंडं धरलीच नाहीत. कंपनीचा माणूस येऊन म्हणाला, जमीन हलकी आहे, तुम्ही खत चुकीचं दिलं. आणि निघून गेला.

तांड्यातला हिरासिंग राठोड हा या एकोणीस जणांचा म्होरक्या. पन्नाशीचा, उंच, बोलायला मोकळा. त्यानं अनंतराव वकिलांना गाठलं. अनंतराव पांढरकवड्यातल्या जुन्या वकिली घराण्यातले, फार फी न घेता अशी कामं करणारे. त्यांनी यवतमाळच्या ग्राहक मंचात तक्रार दाखल केली. तारीख पडली नोव्हेंबरातल्या एका मंगळवारची. त्या दिवशी प्रत्येकाचं वेगळं प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं : कुणी, किती रान पेरलं, काय घातलं, काय झालं, हे त्याच्याच शब्दांत.

"शुक्रवारी सगळ्यांना आणा," अनंतराव हिरासिंगला म्हणाले. "सत्यशीला एकेकाचं ऐकून थेट टाईप करील. सोमवारी सह्या-अंगठे, मंगळवारी मी यवतमाळला."

हातानं आधी लिहून घ्यायला वेळ नव्हता. आणि खरं सांगायचं तर सत्यशीलाला त्याची गरजही वाटली नाही. टायपिंगची चाळीस शब्दांची परीक्षा ती पहिल्या झटक्यात पास झालेली. माणूस बोलतोय आणि तिची बोटं त्याच्या मागोमाग चाललीयत, हे बघायला झेरॉक्सवाला कधी कधी दारात येऊन उभा राहायचा. कॉम्प्युटर घेऊन तिला दोनच वर्षं झाली होती, पण टाईपरायटरवर मुरलेली बोटं त्याच्यावरही तशीच पळत.

त्या आठवड्यात लोडशेडिंगचं वेळापत्रक असं होतं : सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी चार ते सात लाइन बंद. म्हणजे नऊ ते चार हा तिचा दिवस. शुक्रवारी नऊच्या ठोक्याला सावरधऱ्याचं ट्रॅक्टर कचेरीसमोर येऊन उभं राहिलं. एकोणीस माणसं उतरली, त्यात चार बाया.

एकेक जण खुर्चीत बसायचा आणि सांगायचा. काही जण पाढा म्हटल्यासारखं भराभरा बोलले. एकानं आधी आपल्या बैलाची हकिगत सांगितली आणि मग पऱ्हाटीवर आला. एक बाई निम्म्यात गप्प झाली, तर सत्यशीला थांबून राहिली. तिसऱ्या जबानीनंतर चहा आला तेव्हा तिनं फाईल सेव्ह केली. त्यानंतर मात्र ती विसरली.

विसरली म्हणजे अगदीच नाही. सेव्ह केलं की तिचा तो जुना कॉम्प्युटर काही क्षण अडकून बसायचा आणि तेवढ्यात टाईप केलेली अक्षरं गिळायचा. आपोआप सेव्ह होण्याची सोय होती, तीही तिनं याच कारणासाठी बंद करून ठेवलेली. समोरचा माणूस ओघात बोलत असताना त्याला "थांबा" म्हणणं तिला जड गेलं. पुढच्या जबानीनंतर करू, असं करत करत एकोणीस झाल्या. वाचून दाखवायलाही वेळ उरला नाही. सोमवारी सह्यांच्या आधी सगळ्यांना वाचून दाखवू, असं तिनं ठरवलं.

सव्वातीनला ट्रॅक्टर गेलं. सत्यशीला समासाची मापं लावत बसली, म्हणजे मग एकदम प्रिंट काढता येईल. चारला वीस मिनिटं कमी असताना लाइन गेली. यू.पी.एस.नं दोनदा पीक-पीक केलं आणि तोही मान टाकून मोकळा झाला. पडदा काळा.

बाहेर डोमाजी बाकावर होते. आतून कीबोर्डचा आवाज थांबला आणि कसलाच आवाज येईना, म्हणून ते दारात आले.

"काय झालं वं?"

"गेलं बाबा," ती म्हणाली. "सगळं गेलं. तीन राह्यल्या असतीन."

"सकाळपासूनचं?"

"सकाळपासूनचं."

एकोणीस माणसं मजुरी बुडवून आलेली, आणि त्यांना काय सांगायचं? हा विचार तिनं दोन-तीन मिनिटं केला असेल. मग ती उठली. टेबलाच्या खणातून एक कोरी वही काढली, दोन खुर्च्यांपैकी एक उचलून दारात उजेडाला आणून ठेवली आणि लिहायला बसली.

आधी तिनं एकोणीस नावं लिहिली, ज्या क्रमानं माणसं खुर्चीत बसली त्या क्रमानं. मग प्रत्येक नावासमोर आठवेल ते : किती एकर, पेरणीची तारीख, किती वेळा फवारलं, शिवाय बोलताना त्यानं काय खास म्हटलं. टायपिस्टच्या कानात वाक्यं थोडा वेळ तशीच राहतात, ती उद्यापर्यंत राहायची नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून रडायचं असेल तर ते नंतर. सहा वाजेपर्यंत ती लिहीत राहिली. उजेड गेला तेव्हा अकरा पानं झाली होती.

मग ती टेलिफोन बूथवर गेली आणि ममताला फोन लावला. ममता तिची शाळेपासूनची मैत्रीण, गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची.

"लाइन आली तरी चालू करू नको त्याले," ममता म्हणाली. "हातच लावू नको. त्यानं आपल्यासाठी कुठंतरी तात्पुरती फाईल ठेवली असीन, तर चालू-बंद केल्यानं तेही पुसून जाईन. मी उद्या नऊला येतो."

शनिवारी नऊला ममता आली. दोघींनी मिळून कॉम्प्युटर सुरू केला. मूळ फाईल उघडली. तीन जबान्या, बाकी कोरं. अपेक्षा होती तेच, तरी डोळ्यांनी पाहिल्यावर सत्यशीलाला पुन्हा एकदा लागलं. ममतानं मग त्या यंत्राच्या कोपऱ्या-कापऱ्यात शोधायला सुरुवात केली. लपवलेल्या फाईली दिसतील असं केलं, शुक्रवारची तारीख टाकली. चित्रविचित्र नावांच्या बारा-तेरा फाईली निघाल्या. काही रिकाम्या होत्या. काही दुसऱ्याच कशाच्या तरी. एक जरा मोठी होती, शुक्रवारी दुपारी साडेबाराच्या सुमाराची. ममतानं ती उघडली.

पडद्यावर चौकोनी डबे, आकडे आणि इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. एक शब्द लागेल तर शपथ.

"हे खराब झालं," ममता म्हणाली. "याच्यात काई राह्यलं नाही, सत्या."

ती फाईल बंद करणार होती. सत्यशीलानं तिचा हात धरला.

"थांब. हे वाच. डी, के, आय, डब्ल्यू, एल."

"त्याचा काय अर्थ?"

"डी म्हणजे क. के म्हणजे काना. आय म्हणजे प, डब्ल्यू दीर्घ उकार, एल स. कापूस."

सत्यशीलाची नजर पडद्यावर पुढं सरकली. तिची बोटं टेबलाच्या कडेवर नकळत हलत होती. त्या काळी आमच्याकडे मराठीचे जे फॉण्ट चालत, ते इंग्रजी अक्षरांवरच मराठीचा अंगरखा चढवत. अंगरखा निघाला की खाली इंग्रजी अक्षरं उघडी पडायची, दुसऱ्या कुणाला ती अगम्य, पण जिनं ती कळ दाबली तिच्या बोटांना ती ओळखीची.

"आपला फॉण्ट लाव याले," ती म्हणाली.

ममतानं सगळा मजकूर निवडला, सत्यशीलाचा नेहमीचा फॉण्ट लावला. चिवडा हलला आणि त्यातून ओळी उभ्या राहिल्या. ‘मी खालील सही करणार, राहणार सावरधरा, तालुका केळापूर...’ मधेमधे डबे होते, दोन परिच्छेद उलटसुलट झाले होते, पण जबान्या होत्या. अकरावीपर्यंत पूर्ण. बारावीच्या साडेतीन ओळी, त्याही मधेच तुटलेल्या. पुढं काही नाही.

ममतानं आणखी तासभर शोधलं. दुसरी फाईल मिळाली नाही.

"अकरा आल्या," सत्यशीला म्हणाली. "आठ राह्यल्या. आठ होतीन."

तिनं सगळ्यात आधी त्या अकरांचे प्रिंट काढले आणि पेपरवेटखाली ठेवले. मग वही उघडली.

तेवढ्यात अनंतराव आले. त्यांना सकाळीच कळलं होतं. वकील माणूस, पण खुर्चीत न बसता दारातच उभे राहिले.

"सत्यशीला, एक सांगू? त्रास करून घेऊ नका. एकच बियाणं, एकच गाव, एकच तक्रार. या अकरांतली एखादी चांगली जबानी घ्या, नाव, वय, गट नंबर बदला आणि आठ तयार करा. अर्ध्या तासाचं काम आहे. मजकुरात फार फरक नसतोच."

"फरक होता साहेब," ती म्हणाली. "मी ऐकलं आहे."

"असेल. पण मंगळवारची तारीख पुढं जाणार नाही."

"तारखेच्या आत देतो मी. आज टाईप करतो, उद्या गावात जाऊन वाचून दाखवतो, सोमवारी सकाळी दुरुस्ती. तुमच्या सोमवारच्या सह्या चुकणार नाहीत."

"आणि नाही जमलं तर?"

"जमन."

अनंतराव तिला बरीच वर्षं ओळखत होते. त्यांनी चष्मा पुसला, "बरं" म्हणाले आणि गेले.

चार वाजायला पाच मिनिटं असताना आठवी जबानी टाईप होऊन प्रिंटसुद्धा झाली. त्या दिवशी प्रत्येक जबानीनंतर तिनं सेव्ह केलं आणि प्रत्येकाचा कागद काढला. यंत्र अडकलं की ती हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसायची आणि पुन्हा सुरू करायची.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं ती निघाली. डोमाजी म्हणाले, "मीही येतो. बसून बसून पाय आखडले." फाट्यावर उतरून तीन किलोमीटर चालायचं होतं. दोन्ही बाजूंना पऱ्हाट्या. काही रानांत कापूस फुटून पांढरं झालेलं, आणि सावरधऱ्याची शीव लागली तसं पांढरं कमी कमी होत गेलं. नुसता हिरवा पाला.

हिरासिंगच्या अंगणात माणसं जमली. सत्यशीलानं आधी झालं ते सांगून टाकलं. काही आडपडदा ठेवला नाही.

"शुक्रवारी तुम्ही सांगतलेलं माझ्या हातून गेलं. मी जपून ठेवलं नाही, चूक माझी. अकरा परत मिळाल्या, आठ मी आठवून लिहिल्या. सगळ्या वाचून दाखवतो. तुमचं नसन ते तोडा, राह्यलं असन ते सांगा."

थोडी कुजबुज झाली. एक म्हातारा म्हणाला, "माही गेली का राह्यली?"

"तुमची राह्यली, बाबा."

"मंग वाच."

तिनं वाचायला सुरुवात केली. एकेक जण पुढं येऊन बसायचा. आठवून लिहिलेल्या पहिल्या पाचांत फार चुका निघाल्या नाहीत. एकाचं रान तीन एकर नव्हतं, अडीच होतं. एका बाईनं युरियाच्या जागी दुसरं खत सांगितलं. एकजण म्हणाला, "हे तर मी बोललो त्याच्याहून बेस हाय," आणि सत्यशीलानं त्याला पुन्हा विचारलं, की तू बोललास ते काय, आणि तसंच पेननं लिहिलं.

सहावी जबानी होती जमनीची. जमनी पोडातली, साठीची, बारीक अंगाची. दोन एकर रान ती आणि तिची सून मिळून करत. सत्यशीलानं वाचलं, ‘माझ्या दोन एकर शेतात सदर वाणाची पेरणी केली असून, संपूर्ण शेतात बोंडे धरली नाहीत.’

जमनी ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "हे माह्यं नाही."

"काय चुकलं, माय?"

"संपूर्ण नाही. मी तुले धुऱ्याकडच्या दोन तासाचं सांगतलं होतं. पाकिटं कमी पडली, म्हणून घरचं मागच्या सालचं बी तिथं टोबलं. त्या दोन तासाले बोंडं हायेत. भरून हायेत. बाकी शेतात नाहीत."

सत्यशीलाला आठवलं. जमनी शुक्रवारी हे बोलली होती, अगदी याच शब्दांत. शेताचा धुरा म्हणजे बांध, तिथली दोन तासं म्हणजे ओळी, घरचं बी. आणि सत्यशीलानं ते टाईप केलंच नव्हतं. यंत्रानं ते गिळलं नव्हतं. ‘बोंडं हायेत’ हे वाक्य तक्रारीच्या विरोधात जाईल, असं तिच्या मनात आलं आणि बोटं पुढच्या वाक्याकडे गेली. इतकं सहज, की तिला स्वतःलाही त्याची नोंद राहिली नव्हती.

हिरासिंग घाईनं पुढं आला.

"माय, ते राहू दे. ते कायले सांगतं? कंपनीवाला म्हणन, पाहा, यायच्या शेतात बोंडं होती. आपल्या एकोणीस जणायचं नुकसान होईन."

"हाय ते हाय," जमनी म्हणाली. "मी शपथेचा कागद करून राह्यली ना? मंग खोटं कायले लिवू?"

हिरासिंगनं सत्यशीलाकडे पाहिलं, जणू तिनं समजवावं. बाकीचेही तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, "मले ते रान दाखव, माय."

सगळे उठले. पोडाच्या खालच्या अंगाला जमनीचं शेत होतं. दोन एकर उभं हिरवं, वाऱ्यावर हलणारं, आणि फांद्यांवर दोन-चार सुकलेली पाती, म्हणजे कळ्या, सोडली तर काही नाही. धुऱ्याकडे मात्र दोन ओळी बुटक्या, पाला थोडा पिवळा, आणि प्रत्येक झाडावर कापूस फुटलेला. त्याच जमिनीत, हातभर अंतरावर. एकच खत, एकच पाऊस. डोमाजी खाली वाकले, एक बोंड हातात धरलं आणि शेजारच्या ओळीतलं एक झाड दुसऱ्या हातानं हलवून पाहिलं.

"जमीन हलकी हाय म्हणत होता ना तो कंपनीवाला?" ते म्हणाले.

हिरासिंगच्या डोक्यात उजेड पडायला एवढं पुरलं. तो कमरेवर हात ठेवून त्या दोन ओळींकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "माय, हे तासं वेचू नको. कोणाले हात लावू देऊ नको."

सत्यशीला धुऱ्यावर बसली. ‘संपूर्ण शेतात’ या शब्दांवर तिनं रेघ मारली आणि जमनी सांगेल तसं खाली लिहिलं. ओळी किती, कोणत्या बाजूला, बी कुठलं, कधी टोबलं. लिहून झाल्यावर तिनं जमनीला सांगितलं, "शुक्रवारी तू हे बोलली होती. मी लिहिलं नव्हतं. मले वाटलं, नुकसान होईन."

"आता लिवलं का?"

"लिवलं."

"मंग झालं," जमनी म्हणाली आणि सुनेला चहा ठेवायला सांगायला निघून गेली.

संध्याकाळच्या गाडीनं बाप-लेक परतले. सोमवारी नऊला लाइन आली, साडेदहापर्यंत सगळ्या दुरुस्त्या झाल्या, अकराला एकोणीस जण कचेरीच्या व्हरांड्यात रांगेत उभे होते. सह्या आणि अंगठे दीड वाजता संपले. अनंतराव तिच्या खोलीत बसून एकेक कागद वाचत होते. सतराव्या जबानीवर ते थांबले. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचलं.

"हे जमनीबाईंचं शुक्रवारी घेतलं होतं तुम्ही?"

"नाही साहेब. तेव्हा बोलल्या होत्या, मी घेतलं नव्हतं. काल घेतलं."

"म्हणजे ती फाईल गेली नसती तर..."

"तर सोमवारी वाचताना निघालं असतं," ती म्हणाली. पण ती स्वतःशी खोटं बोलणारी नव्हती, म्हणून पुढं म्हणाली, "निघालं असतं बहुतेक. व्हरांड्यात एवढ्या गर्दीत जमनीमाय बोलली असती की नाही, सांगता येत नाही."

अनंतरावांनी त्याच दुपारी तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला : जमनीच्या शेताचा पंचनामा व्हावा, दोन ओळी उभ्या आहेत तोवर. अर्ज अर्थातच सत्यशीलानं टाईप केला. आठवड्याभरात पंचनामा झाला, फोटो निघाले.

सुनावणी चालली दीड वर्ष. कंपनीच्या वकिलांनी जमिनीचं तुणतुणं वाजवलं, खताचं वाजवलं, मग म्हणाले, या जबान्या एका साच्यातून काढलेल्या आहेत, शेतकऱ्यांना शिकवून लिहून घेतलेल्या आहेत. त्यावर अनंतरावांनी एकोणीस कागद शेजारी शेजारी मांडले. एकात बैल आला होता. एकात बाईनं मधेच सांगितलं होतं, की फवारणी तिनं केली नाही, दिरानं केली, आणि तिला औषधाचं नाव ठाऊक नाही. एकाचं रान नेमकं अडीच एकर, खाली त्याचीच सही. आणि सतरावी, धुऱ्याकडच्या दोन ओळींची, सोबत पंचनामा. साचा कुठं आहे, असं त्यांनी विचारलं.

दोन हजार सात सालच्या उन्हाळ्यात निकाल लागला, सावरधऱ्याच्या बाजूनं. मिळालं ते हंगाम भरून काढण्याइतकं नव्हतं, आणि कंपनी वर अपिलात गेली ते वेगळंच. पण निकालपत्रात जमनीचं नाव होतं, तिच्या धुऱ्यासकट. हिरासिंग तो कागद घेऊन सत्यशीलाच्या खोलीत आला आणि म्हणाला, "ताई, एवढं वाचून दाखव. जमनीमायले तोंडपाठ करून सांगायचं हाय." तिनं ते पान दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा तो तिच्याबरोबर म्हणू लागला.

त्यानंतर आजूबाजूच्या गावांतून अशा तक्रारी येत राहिल्या. कापसाची ती वर्षं तशीच होती. अनंतराव आता जबान्यांसाठी कुणाला पांढरकवड्याला बोलवत नसत. सत्यशीला त्या त्या गावी जायची. तिच्या अटी ठरलेल्या : आधी शेत बघणार, मग माणसाचं ऐकणार, हातानं लिहिणार, तिथंच वाचून दाखवणार. एखादं वाक्य आपल्या बाजूचं नाही असं वाटलं, तर त्याच्याखाली ती पेन्सिलीनं रेघ ओढून ठेवायची, म्हणजे टाईप करताना बोट त्याच्यावरून घसरायला नको. ही रेघ कशासाठी, असं मी तिला एकदा विचारलं, तेव्हाच ही सगळी हकिगत तिनं मला सांगितली.

माझी बदली झाली ती शेवटी कुठल्याच अर्जाशिवाय, दोन हजार नऊ साली. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला भेटायला गेलो, तर खोलीला कुलूप होतं. झेरॉक्सवाला म्हणाला, ती आर्णीकडच्या एका गावाला गेली आहे, तिथं तुरीच्या बियाण्याचं काहीतरी झालंय, आणि पंधरा जण आहेत.